वऱ्हाडची इमादशाही : राजे गेले, मागे काय राहिले?

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



अमरावती आणि अकोला या जिल्ह्यांत राहणाऱ्या आपणां सर्वांना अचलपूर ठाऊक आहे. परतवाड्याला लागून असलेले तालुक्याचे गाव, अशी त्याची आजची ओळख. परंतु हेच अचलपूर, म्हणजे जुने एलिचपूर, एकेकाळी एका स्वतंत्र राज्याची राजधानी होते, ही गोष्ट आपल्या किती विद्यार्थ्यांना सांगता येईल? दिल्लीच्या बादशहांची नावे त्यांना पाठ असतात, विजापूरचा गोलघुमट त्यांनी सहलीत पाहिलेला असतो. मात्र १४९० ते १५७४ अशी ८४ वर्षे वऱ्हाडावर राज्य करणाऱ्या इमादशाहीबद्दल विचारले, तर पुस्तकातल्या एका ओळीपलीकडे उत्तर मिळत नाही. म्हणून आज मी आपल्यापुढे हाच विषय मांडणार आहे. लढायांची जंत्री देण्याचा माझा हेतू नाही. त्या राज्यातला समाज कसा होता आणि त्यातले आपल्या आजच्या जगण्यात काय उरले आहे, एवढेच पाहावयाचे आहे.

राजकीय हकिकत थोडक्यात सांगतो. १३४७ साली दक्षिणेत बहमनी राज्य स्थापन झाले. त्याचे जे चार मोठे सुभे पडले, त्यांपैकी एक वऱ्हाड. पुढे महमूद गवान या कर्तबगार वजिराने सुभेदारांचे बळ कमी करण्यासाठी चाराचे आठ सुभे केले. त्यात वऱ्हाडचे दोन भाग झाले. गाविलचा भाग फतहुल्ला इमाद-उल-मुल्क याच्याकडे आला आणि माहूरचा भाग खुदावंदखान हबशी याच्याकडे गेला. १४८१ मध्ये महमूद गवानला देहांत शासन झाले आणि बहमनी राज्याची बैठकच ढिली झाली. १४९० च्या सुमारास फतहुल्ला स्वतंत्रपणे कारभार पाहू लागला. त्याच्यानंतर अलाउद्दीन, दर्या आणि बुऱ्हाण हे इमादशहा झाले. बुऱ्हाण लहान असल्याने तुफालखान या सरदाराने सत्ता बळकावली आणि बाळराजाला नरनाळ्यावर अटकेत ठेवले. त्याची सुटका करण्याचे निमित्त सांगून अहमदनगरचा मुर्तजा निजामशहा चालून आला आणि १५७४ मध्ये त्याने वऱ्हाड आपल्या राज्याला जोडून टाकले. ज्या बाळराजासाठी स्वारी झाली, त्याला गादी मिळाली नाहीच. तो आणि तुफालखान दोघेही कैदेतच संपले.

आता या घराण्याचा मूळ पुरुष पाहा. फतहुल्ला हा जन्माने विजयनगरच्या मुलखातल्या हिंदू कुटुंबातला. बहमनी आणि विजयनगर यांच्या युद्धात तो लहानपणी पकडला गेला आणि वऱ्हाडचा सुभेदार खान-ए-जहान याच्या पदरी गुलाम म्हणून वाढला. तेथे तो मुसलमान झाला, शिकला, पायरी-पायरीने वर चढला आणि शेवटी त्याच प्रांताचा धनी झाला. अहमदनगरच्या निजामशाहीची हकिकतही अशीच आहे. तिच्या संस्थापकाचा बाप हा मूळचा पाथरीच्या कुलकर्णी ब्राह्मण घराण्यातला, तोही युद्धात पकडलेला. ती पाथरी आज परभणी जिल्ह्यात आहे आणि त्या काळी इमादशाहीच्या ताब्यात होती. निजामशहाला आपल्या पूर्वजांचे गाव हवे होते, त्याने बदल्यात दुसरा मुलूख देऊ केला, वऱ्हाडने नकार दिला आणि त्यावरून दोन्ही राज्यांत वर्षानुवर्षे वैर चालले. मुसलमान सुलतानांमधले हे भांडण एका मराठी गावच्या वडिलोपार्जित नात्यावरून पेटले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या काळचा समाज आपण समजतो तसा दोन सरळ कप्प्यांत विभागलेला नव्हता, हे पटते.

माहूरच्या खुदावंदखानाला हबशी म्हणत, म्हणजे तो आफ्रिकेतल्या अबिसीनिया देशाचा. त्या काळी आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून पुष्कळ माणसे गुलाम म्हणून दक्षिणेत येत, फौजेत चाकरी करीत आणि काही जण सुभेदार, वजीर होत. पुढे निजामशाही सावरून धरणारा मलिक अंबर हा त्यांतला सर्वांत नामांकित. मात्र नेमक्या याच काळात त्याच आफ्रिकेच्या मध्य-पश्चिम भागात काय घडत होते, तेही पाहण्यासारखे आहे.

तेथे कोंगो नावाचे मोठे राज्य होते. त्याची राजधानी म्बांझा कोंगो. हे ठिकाण आज अंगोला देशात असून २०१७ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला. राज्याचे प्रांत होते, प्रांतांवर राजाने नेमलेले अधिकारी होते, कर भरला जाई. समुद्रातले न्झिंबू नावाचे छोटे शिंपले नाणे म्हणून चालत. ताडाच्या जातीतील राफिया झाडाच्या धाग्यांपासून तेथे मखमलीसारखे कापड विणले जाई. फतहुल्ला येथे स्वतंत्र झाला, त्याच सुमारास म्हणजे १४९१ मध्ये कोंगोच्या राजाने पोर्तुगिजांकडून ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्याचा मुलगा अफोन्सो हा आपल्या अलाउद्दीन इमादशहाचा समकालीन. त्याने शाळा काढल्या, पोर्तुगालच्या राजाशी पत्रव्यवहार ठेवला. १५२६ साली त्याने पोर्तुगालला कळविले की, तुमचे व्यापारी आमच्या प्रजेतली माणसे, सरदारांची मुले, आमचे नातलगसुद्धा पकडून नेत आहेत, मुलूख ओस पडत चालला आहे, आम्हांला माल नको, धर्मगुरू आणि शिक्षक तेवढे पाठवा. त्याच्या स्वतःच्या राज्यातही युद्धकैदी गुलाम होतेच, त्यांची विक्रीही होई. परंतु समुद्रापार जाणाऱ्या जहाजांनी जे सुरू केले, ते त्याच्या हाताबाहेर गेले.

मित्रहो, दक्षिणेत पकडलेला मुलगा राजा होऊ शकला म्हणून येथली गुलामी चांगली होती, असा निष्कर्ष मात्र काढू नका. एका फतहुल्लामागे ज्यांची नावेही उरली नाहीत अशी किती मुले असतील! एवढेच म्हणता येईल की, येथे आलेल्या माणसाला समाजात शिरायला वाट होती. त्याची भाषा, त्याचे घर, त्याची मुले याच मातीत रुजली. अटलांटिकपार नेलेल्या माणसाला ती वाट बंद होती.

आता किल्ल्यांकडे वळू. गाविलगड आणि नरनाळा हे या राज्याचे दोन डोळे. दोन्ही सातपुड्याच्या माथ्यावर, एक चिखलदऱ्याजवळ, दुसरा अकोट तालुक्यात. बहमनी सुलतान अहमदशहा वली १४२५ च्या सुमारास एलिचपुरात मुक्कामाला होता. त्या वेळी त्याने गाविलगड बांधविला आणि नरनाळ्याची दुरुस्ती केली. पण या डोंगरांवरील वस्ती त्याच्याहून फार जुनी. गाविलगडाचे नाव गवळ्यांवरून पडले असे परंपरा सांगते आणि भोवतालचे जंगल कोरकू व गोंड यांचे. या लोकांच्या पायवाटा आणि त्यांचे श्रम यांच्यावाचून त्या माथ्यावर एक चिराही चढला नसता.

नरनाळ्याचा महाकाली दरवाजा १४८७ चा. पांढुरक्या दगडातले त्याचे कोरीव काम, बाजूच्या देवड्या आणि सज्जे पाहिले म्हणजे हा लढाईच्या किल्ल्याचा दरवाजा आहे हे क्षणभर खरे वाटत नाही. त्यावरील लेखात फतहुल्लाचे नाव आहे, पण त्याच्यावर बहमनी सुलतानाचेही नाव आहे. म्हणजे पुढे स्वतंत्र होणारा हा सुभेदार त्या वेळी आपल्या धन्याचे नाव अदबीने वर लिहीत होता. गाविलगडच्या दरवाजावर आणखी एक नवल आहे. तेथे सिंह कोरले आहेत, हत्ती कोरले आहेत आणि दोन तोंडांचा पक्षी, म्हणजे गंडभेरुंड, कोरला आहे. गंडभेरुंड हे कर्नाटक-विजयनगर भागातले ओळखीचे चिन्ह. लहानपणीच घरापासून तुटलेल्या माणसाने आपल्या जन्मभूमीची ही खूण सातपुड्याच्या दगडावर ठेवली, असे अभ्यासक मानतात. दगड बोलतो तो असा.

या किल्ल्यांची दुसरी थोरवी म्हणजे पाणी. डोंगरमाथ्यावर नदी नाही, विहिरीला झरा लागेलच असे नाही. पाऊस काय तो चार महिन्यांचा. तेव्हा उताराचे पाणी पाटांनी वळवून तलावांत आणायचे, एकाचा सांडवा दुसऱ्या तलावाकडे काढायचा आणि उन्हाळ्याच्या अखेरपर्यंत माणसे, घोडे, हत्ती यांना पुरवायचे, अशी व्यवस्था करावी लागे. नरनाळ्यावर गेलात तर तोफा अवश्य पाहा, पण त्या आधी तलाव आणि दगडी टाकी पाहा. खाली अचलपुरात हौज कटोऱ्याची अष्टकोनी इमारत आहे, तीही तलावातच उभारलेली. दरवर्षी उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या आपल्या वऱ्हाडाला यातून शिकण्यासारखे आहे.

परंतु राज्य म्हणजे काही किल्ले नव्हेत. राज्य चालते ते गावात. इमादशाहीच्या स्वतःच्या दप्तरातून गावाचे चित्र आपल्याला मिळत नाही. पण १५९६ मध्ये चांदबिबीने वऱ्हाड मोगलांना दिल्यानंतर अबुल फज्ल याने ‘आईन-ए-अकबरी’त या सुभ्याचे जे वर्णन केले, ते फार मोलाचे आहे. इमादशाही संपून तेव्हा पुरती २५ वर्षेही झाली नव्हती. तो लिहितो की, या देशाचे मूळ नाव वरदातट, म्हणजे वर्धा नदीचा काठ. येथली हवा आणि शेती उत्तम. उत्तरेत ज्याला चौधरी म्हणतात त्याला येथे देशमुख म्हणतात, कानूनगोला देशपांड्या, मुकद्दमाला पाटील आणि पटवाऱ्याला कुलकर्णी. लोणार सरोवराविषयी तो सांगतो की, तेथे काच आणि साबण करण्याचे द्रव्य मिळते, सोराही निघतो आणि त्याचे सरकारात चांगले उत्पन्न येते. तेच स्थान ब्राह्मण फार पवित्र मानतात, हेही नमूद करायला तो विसरत नाही. एलिचपूरच्या जमिनीलगत उमलणाऱ्या एका सुवासिक जांभळ्या फुलाचीही त्याने नोंद घेतली आहे.

देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी या चार नावांवर थोडे थांबू. देशमुखाने परगण्याचा वसूल आणि बंदोबस्त पाहावा, देशपांड्याने त्याचा हिशेब ठेवावा. गावात पाटलाने जमीन वाहती ठेवावी, कुलकर्ण्याने लिहावे. त्यांच्या भोवती सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, महार हे बलुतेदार. महाराष्ट्रातल्या पुष्कळ गावी बलुतेदारांच्या यादीत मुलाणीही असे. म्हणजे मुसलमान हा त्या गावात पाहुणा नव्हता, खळ्यावर ज्याचा हक्क होता असा वाटेकरी होता. वऱ्हाडात देशमुख आणि पाटील ही आडनावे मुसलमान घराण्यांतही आढळतात, ती त्याच व्यवस्थेची साक्ष. या व्यवस्थेत अन्यायही होता. ज्याच्या वाट्याला सर्वांत जड काम त्याच्या वाट्याला सर्वांत कमी धान्य आणि गावकुसाबाहेरची जागा, हे झाकून ठेवण्याचे कारण नाही.

तरीही एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. १५७४ मध्ये इमादशाही गेली, निजामशाही आली. १५९६ मध्ये मोगल आले. १७२४ मध्ये साखरखेर्ड्याची लढाई झाली आणि निजाम आला. त्याच्या जोडीला नागपूरकर भोसल्यांचा अंमल आला. १८५३ मध्ये इंग्रज आले. इतके धनी बदलले, पण परगण्याचा देशमुख आणि गावचा पाटील-कुलकर्णी आपल्या जागी राहिले, कारण त्यांचे वतन वंशपरंपरेचे होते. उलट कोंगोत बहुतेक प्रांतांचे अधिकारी राजाच्या मर्जीवर नेमले जात. राजधानी बळकट होती तोवर हे छान चालले. १६६५ मध्ये म्बविलाच्या लढाईत राजा पडला आणि गादीसाठी यादवी माजली, तेव्हा थोड्याच वर्षांत खुद्द राजधानीच ओस पडली. एका ठिकाणी सत्तेचे मूळ वर होते, दुसऱ्या ठिकाणी खाली. वतनाने समाज टिकवला खरा, पण त्याच वतनाने त्याला गोठवलेही. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत.

भाषेचेही असेच. आपला वऱ्हाडी कास्तकार वावरात जातो तेव्हा त्याच्या हातात वखर, तिफन, डवरा असतो. हे शब्द अस्सल इथल्या मातीतले. पण तोच घरी येऊन हंगामाचे, कर्जाचे, वसुलाचे, बाकीचे, जामिनाचे बोलू लागला की शब्द फारसी-अरबी होतात. ‘कास्तकार’ हा शब्दच फारसी. शेत मराठी बोलले, दप्तर फारसी बोलले आणि दोघांच्या मध्ये बसलेल्या कारकुनाने दोन्ही भाषा एकत्र शिवल्या. हे काम एकट्या इमादशाहीचे नव्हे, कित्येक पिढ्यांचे आहे. ज्या रिद्धपुरात महानुभावांनी तेराव्या शतकात मराठी गद्याचा पाया घातला आणि जेथे २०२४ पासून मराठी भाषा विद्यापीठाचे काम सुरू झाले, ते रिद्धपूर याच मुलखात. म्हणून मराठी ही आपल्यापैकी कोणाला परकी आणि फारसी शब्द हे दुसऱ्या कोणाचे, असा हिशेब वऱ्हाडात तरी मांडता येत नाही.

आता मुद्द्याचे सांगतो. इमादशाहीचा इतिहास आपल्याला कोणाकडून कळतो? फिरिश्ता विजापूरच्या आश्रयाने लिहीत होता. ‘बुऱ्हाण-ए-मआसिर’ अहमदनगरच्या निजामशहांसाठी लिहिला गेला, म्हणजे ज्यांनी इमादशाही बुडविली त्यांच्यासाठी. अबुल फज्ल मोगलांचा. अचलपूरच्या दरबारातून लिहिलेला, त्या राज्याची बाजू सांगणारा असा बखरकार पुढे येत नाही. कोंगोच्या अफोन्सोची निदान पत्रे तरी उरली. आपल्या दर्या इमादशहाची मुलगी दौलतशाह बेगम अहमदनगरच्या हुसेन निजामशहाला दिली होती. दोन राज्यांमधला सलोखा त्या मुलीच्या लग्नावर उभा केला गेला आणि पुढे तिच्या सासरनेच तिचे माहेर बुडविले. तिला काय वाटले असेल, हे लिहून ठेवणारे कोणी नव्हते. जो समाज स्वतःचे लिहून ठेवीत नाही, त्याची हकिकत दुसरे सांगतात, आणि दुसरे त्यांना हवी तेवढीच सांगतात.

यादव माधव काळे यांनी वऱ्हाडचा इतिहास कष्टाने लिहिला, त्याबद्दल आपण त्यांचे ऋणी आहोत. पण पुढचे काम आपले आहे आणि ते कठीण होत चालले आहे. घरोघरी पेट्यांत, माळ्यांवर जुनी कागदपत्रे आहेत. सनदा, इनामपत्रे, काजीच्या नोंदी, वाटणीपत्रे. त्यांतली काही फारसीत, काही मोडीत. ती वाचणारे बुजुर्ग एकेक करून जात आहेत. घर नवे बांधताना ती पेटी रद्दीवाल्याकडे जाते आणि एका दुपारी तीनशे वर्षे वजनावर विकली जातात.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, तुमच्याकडे माझे चार मागणे आहे. पहिले, आपल्या गावातील मशीद, दर्गा, मंदिर, बारव, वेस यांवर लेख असेल तर त्याचे स्पष्ट छायाचित्र घ्या, जागा आणि तारीख लिहून ठेवा. त्यावर चुना, तेलरंग लावू नका, लावू देऊ नका. दुसरे, घरातील जुने कागद विकू नका. सुती कापडात, कोरड्या जागी ठेवा आणि त्यांच्या प्रती काढून घ्या. तिसरे, तुमच्यापैकी निदान पाच जणांनी मोडी शिका आणि पाच जणांनी फारसी. एकाच कागदावर दोन्ही लिप्या असतात, तेव्हा दोघांना शेजारी बसूनच तो वाचावा लागेल, आणि असे शेजारी बसणे हेही शिक्षणच आहे. चौथे, आजी-आजोबांच्या तोंडचे शेतीचे, स्वयंपाकाचे, नात्यांचे जुने शब्द वहीत उतरवून ठेवा.

वाचकहो, शाळा काढणे म्हणजे उद्याची तरतूद करणे, असे आपण म्हणतो. ते खरेच आहे. पण ज्या मुलाला आपल्या गावची वेस कोणी बांधली हे ठाऊक नाही, त्याला कोणीही उठून सांगू शकतो की हे गाव तुझे नव्हे. त्याला उत्तर देण्यासाठी आवाज चढवावा लागत नाही. दगडावरचा एक लेख वाचता आला, घरातला एक कागद दाखवता आला, तरी पुरे होते. राजे ८४ वर्षांत गेले. तलाव, शब्द, आडनावे आणि शेजार मागे राहिले. ते सांभाळणे आपल्या हाती आहे.